नगर जिल्ह्यांतील पर्जन्य, कर्जरोखे व पत

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर हें गांव दारांवांचून असलेल्या घरांमुळें सर्वश्रुत आहे. इ. स. २०११ च्या जानेवारींत युको बँकेनें तेथें कुलुपावांचून शाखा उघडली, तेव्हां त्या गोष्टीची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. परंतु पेढीच्या द्रव्यास खरें भय तिजोरीपाशीं फारसें नसतें; जें द्रव्य कर्जाऊ बाहेर गेलें, त्याच्या वसुलीपाशीं तें असतें. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेल्या या मुलखांत तें भय मुख्यतः पावसाचें. हवामान पालटूं लागल्यापासून देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका या जोखमीचा विचार करूं लागल्या आहेत. आमच्याकडे तो विचार नवा नाहीं. त्याचे पुरावे जुन्या कागदांत आहेत, व तसे कागद वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं असतील, म्हणून हा विषय येथें मांडीत आहों.

प्रथम शास्त्र पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणांत शेंकडा दरमहा सव्वा पण हें व्याज धर्म्य सांगितलें असून व्यापारांत पांच, अरण्यांतून जाणाऱ्यांस दहा व समुद्रावर जाणाऱ्यांस वीस असे चढते दर दिले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतींतही अरण्यगामी व समुद्रगामी यांजविषयीं हेच दर आढळतात. म्हणजे उत्तमर्णानें वाटेंतील धोका ओळखून वृद्धि ठरवावी, हें तत्त्व प्राचीनांस पूर्ण अवगत होतें. दहा गलबतांपैकीं एक बुडालें तरी उरलेल्या नवांच्या व्याजांतून तूट भरून येते. पावसाचें तसें नाहीं. मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रें कोरडीं गेलीं कीं एका शिवारांतील सर्व अधमर्ण एकाच सुगीस बुडतात, आणि एकमेकांस राहिलेले जामीनही त्यांजबरोबर बुडतात. येथें व्याज चढवून भागत नाहीं. चढत्या व्याजानें बुडणारांची संख्या मात्र वाढते. म्हणूनच मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये अशी दामदुपटीची मर्यादा घातली आहे. आणि धान्य, गुरें व पैका राजानें कृषिकांस द्यावा व त्यांनीं तो सवडीनें परत करावा, अशी योजना कौटिल्यानें सांगितली आहे. मराठेशाहींतील तगाई, इस्तावा व सूट हीं त्याच जातीचीं साधनें होत. सावकारास जें ओझें झेपत नसे, त्याचा कांहीं भाग सरकार उचलीत असे.

इंग्रजी अमलांत ही सांगड ढिली पडली. सारा रोखीनें व ठरल्या हप्त्यानें भरावयाचा, आणि कर्जाच्या वसुलीस दिवाणी न्यायालय पाठीशीं, अशी स्थिति झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व कर्ज मुबलक मिळालें. पुढें भाव उतरतांच सावकारांनीं हात आखडला, आणि कांहीं तालुक्यांत साऱ्याची आकारणीही वाढली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला. थोड्याच दिवसांत तो नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्यांस रोखे व हुकूमनामे हवे होते, आणि हातीं येतांच ते त्यांनीं जाळले. पुढच्याच वर्षीं पाऊस फिरला व १८७६–७८ चा मोठा दुष्काळ आला. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. कुळास आधार झाला. पण पावसाची जोखीम कोणीं वाहावी, हा प्रश्न तसाच राहिला.

तो पुढें सहकारानें हातीं घेतला. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तथापि १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणींत शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा तीनच्या आसपासच आढळला. नगर जिल्ह्यांत मात्र या चळवळीनें मूळ धरलें. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गांवची सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक व राज्य बँक या उतरंडीमुळें एका गांवची तूट दुसऱ्या गांवच्या वसुलींतून भरून निघूं लागली. परंतु सबंध जिल्हाच कोरडा गेला तर जिल्हा बँकेचीं बहुतेक कुळें एकदम थकतात. अशा वेळीं पूर्वीची आणेवारी, म्हणजे आतांची पैसेवारी, पन्नासांखालीं उतरली कीं पीककर्जाचें मध्यम मुदतीच्या कर्जांत रूपांतर होतें. शिवाय २००८, २०१७ व २०१९ या सालीं कर्जमाफ्या झाल्या. रूपांतरानें तूट पुढील वर्षांवर जाते. माफीनें ती सरकारी खजिन्यावर जाते. बँकेच्या वहींत कर्ज निर्दोष दिसूं लागतें, पण बुडालेलें पीक कांहीं परत येत नाहीं.

या सर्व योजनांच्या मुळाशीं एक गृहीत आहे. वाईट सालामागून बरीं सालें येतील व सरासरी कायम राहील, हें तें गृहीत होय. त्यासच आतां धक्का बसत आहे. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं काढलेल्या अहवालाप्रमाणें १९५१ ते २०१५ या अवधींत देशाचा मोसमी पाऊस शेंकडा सहाच्या सुमारास घटला, आणि मध्य भारतांत एका दिवसांत दीडशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० पासून शेंकडा पंचाहत्तरांनीं वाढले. कालव्याखालील ऊसही यांतून सुटत नाहीं. २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यांत टंचाईच्या सालीं समन्यायी पाणीवाटपाचें तत्त्व आहे. त्यास अनुसरून नोव्हेंबर २०२३ मध्यें नगर व नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्यांत आलें. खालच्या लोकांचा तो हक्कच आहे. पण कालव्याचें पाणी तारण समजून दिलेल्या कर्जास तितका आधार कमी झाला, हेंही खरें.

रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या जुलैंत हवामानाच्या जोखमीवर चर्चापत्र काढलें. तद्विषयक माहिती विखुरलेली व अपुरी असल्यामुळें ती एकत्र करण्याची योजना तिनें ऑक्टोबर २०२४ मध्यें जाहीर केली. आमचें म्हणणें या माहितीसंबंधींच आहे. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, म्हणजे दंग्याच्याच सालची. त्यापूर्वींच्या पावसाची मापें थोडीं. पण सुटीच्या सनदा, तगाईचे हिशेब, कर्जरोखे व सावकारी वह्या यांत त्याची सावली पडलेली आहे. मात्र सूट दिसली कीं अवर्षण झालें असें समजूं नये. १८०३–०४ च्या दुष्काळांत नगर प्रांतास होळकर व पेंढारी यांच्या लुटीनेंही तितकेंच नाडलें होतें. लष्कराचा उपद्रव व पावसाची तूट हीं वेगळीं काढणें हेंच संशोधकाचें काम.

जे रोखे १८७५ सालीं जळले ते गेले. जे उरले, ते मोडी वाचणारा घरांत नाहीं म्हणून रद्दींत जात आहेत. संग्राहकांचें लक्ष राजपत्रांकडे असतें, आणि वाण्याच्या वहीस कोणी हात लावीत नाहीं. आमची विनंति इतकीच कीं, अशी वही हातीं आल्यास तिचे शक व तिथि, गांव, पीक, फेडीचा वायदा, वायदा पुढें ढकलल्याची नोंद व सोडून दिलेली रक्कम एवढें तरी उतरून घ्यावें. एका मुलखाच्या शंभर वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर वाईट सालें किती अंतरानें येत व त्यांतून सावरण्यास कुळास किती सुगी लागत, हें अंदाजानें तरी सांगतां येईल. ज्यांस उद्यां या मुलखांत कर्ज द्यावयाचें व घ्यावयाचें आहे, त्या दोघांसही तें जाणणें अगत्याचें आहे.