खिशात मावलेली आज्ञावली

वस्तूच्या नावाचे माहात्म्य कचेरीत वावरणाऱ्या मनुष्यास सांगावयास नको. एका नावाने अडलेली खरेदी दुसऱ्या नावाने विनासायास मंजूर होते. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९६८ साली '९१००ए' हे मेजावर ठेवावयाचे यंत्र विक्रीस काढले, तेव्हा त्यास 'कॅल्क्युलेटर' म्हटले. 'कॉम्प्युटर' म्हटले असते तर ते आयबीएमच्या यंत्रांसारखे दिसत नाही या सबबीवर ग्राहकांकडील संगणक-पंडितांनीच ते नाकारले असते, असा खुलासा बिल ह्यूलेट यांनी पुढे केला.

असेच यंत्र सदऱ्याच्या खिशात मावले पाहिजे, हा ह्यूलेट यांचाच आग्रह. त्यातून १९७२ साली ३९५ डॉलर किमतीचे 'एचपी-३५' निघाले. परंतु तेच गणित शंभर वेळा करावयाचे, तर शंभर वेळा सर्व कळा दाबणे प्राप्त होते.

जानेवारी १९७४ मधील 'एचपी-६५' ने हा जाच संपविला. किंमत ७९५ डॉलर, म्हणजे दुपटीहून अधिक! त्यात शंभर पायऱ्यांची आज्ञावली साठविता येई; इतकेच नव्हे, तर दोन संख्यांची तुलना करून पुढील वाट बदलण्याचा विवेकही त्यास होता. विवेक होता, पण स्मरण नव्हते. यंत्र बंद करताच सारे पुसले जाई. म्हणून बोटभर लांबीची चुंबकीय पट्टी योजिली होती. ती फटीत सारली की लहानशी मोटर तिला ओढून घेई व आज्ञावली पुन्हा जागी होई. पट्टीचा कोपरा कातरला की तीवरील मजकुरात कोणास फेरफार करता येत नसे. मोहोर उठविण्याचा इतका सुटसुटीत प्रकार आमच्या दप्तरांत तरी आढळत नाही.

खरी मौज त्या शंभर पायऱ्यांच्या काटकसरीत होती. एखादी पायरी वाचविण्याच्या युक्त्यांची देवघेव करण्यासाठी रिचर्ड नेल्सन यांनी १९७४ सालीच वापरकर्त्यांचे मंडळ स्थापिले व '६५ नोट्स' हे पत्रक काढले. जुलै १९७५ मध्ये अपोलो-सोयूझ भेटीच्या वेळी हेच यंत्र अमेरिकन अंतराळवीरांनी, यानातील संगणक दगा देईल तर असावे म्हणून, सोबत नेले होते.

१९७६ च्या 'एचपी-२५सी' मध्ये पायऱ्या ४९च होत्या, पण यंत्र बंद केल्यावरही त्या टिकत. त्याच वर्षी, ह्यूलेट-पॅकार्डच्या कॅल्क्युलेटर विभागात काम करणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपले 'एचपी-६५' विकावयास काढले. 'ॲपल' च्या पहिल्या यंत्राच्या खर्चासाठी त्यांना पैसे हवे होते.