पाळणाघर ‘रजिस्टर्ड’ असतं म्हणजे नक्की कुठे?

पोस्ट लांब आहे. पण घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा नातवंड असेल, किंवा तुमच्या सोसायटीत पाळणाघर चालत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या डोंबिवलीत स्टेशनपासून घरापर्यंत चालत गेलं की चार तरी बोर्ड दिसतात. ‘रजिस्टर्ड पाळणाघर व प्ले-ग्रुप’. गेल्या महिन्यात भाचीसाठी जागा बघायला गेले तेव्हा मी सरळ विचारलं, रजिस्टर्ड म्हणजे कुठे? बाईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. शॉप अॅक्टचा कागद होता, आपण ज्याला गुमास्ता म्हणतो तो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडेही तोच कागद आहे आणि मोबाइल रिचार्जवाल्याकडेही. त्या कागदासाठी कुणी खिडकीला जाळी आहे का, गॅस सिलिंडर कुठे ठेवलाय, वीस मुलांमागे बायका किती, हे बघायला येत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा तर दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीचीही गरज राहिली नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. पाळणाघरात दहा बायका कामाला कुठे असतात?

बाईंचा दोष नाही, हे आधीच सांगते. त्यांनी जो कागद मिळण्यासारखा होता तो घेतला. प्रश्न हा आहे की दुसरा कागद का नाही? पाळणाघराबद्दल आपल्याकडे कायदाच नाही असं अजिबात नाही. कायदा आहे, चांगला जुना आहे, मुंबईतच त्याची मुळं आहेत. पण तो गिरणीच्या फाटकातून आत गेला आणि तिथेच राहिला. हे कसं झालं ते सांगायला ही पोस्ट.

१९२० च्या आसपासचं गिरणगाव डोळ्यांपुढे आणा. परळ, लालबाग, भायखळा. कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो बायका गिरण्यांत, जास्त करून वाइंडिंग-रीलिंग खात्यांत. दिवसाचे दहा तास काम. तान्हं मूल कुठे ठेवायचं? चाळीत एखादी म्हातारी असली तर तिच्याकडे, नसली तर बरोबर घेऊन यायचं आणि मशिनजवळ गोणपाटावर निजवायचं. मूल निजून राहावं म्हणून त्याला अफू द्यायची. ‘बाळगोळी’ म्हणायचे तिला. मुंबई सरकारने गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टर बाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. त्यात त्यांनी लिहिलं की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचला. शंभरातली अठ्ठ्याण्णव.

आता कुणी म्हणेल, काय त्या आया! पण विचार करा, दहा तास खात्यात उभी असलेली बाई दुसरं काय करणार होती? मशिनच्या पट्ट्याजवळ रांगणाऱ्या मुलापेक्षा झोपलेलं मूल सुरक्षित, हा तिचा हिशोब होता. तिच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, त्यातली तिने एक निवडली.

काही मोजक्या गिरण्यांनी स्वतःहून पाळणाघरं काढली होती. पण मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या गोष्टीचं जे होतं तेच. मंदी आली की पहिली कात्री तिथे. मग कायद्याची मागणी पुढे आली. आपल्या ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते पास झालं नाही. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये स्वतःचा प्रसूती लाभ कायदा केला, देशातला पहिला. त्याच वर्षी रॉयल कमिशन नेमलं गेलं, ज्याला व्हिटली कमिशन म्हणतात. त्यावर जोशी सभासद होते. १९३१ च्या त्यांच्या अहवालात कारखान्यांत पाळणाघरं हवीत ही शिफारस आली. मग १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचे नियम करायची मुभा प्रांतांना मिळाली. मुभा, सक्ती नव्हे.

सक्ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आली. कलम ४८. हे कलम मी कामगार चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याकडून समजून घेतलं आणि खरं सांगते, वाचून बरं वाटलं. पन्नासहून जास्त बायका असतील (१९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला) तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. पुरेशी जागा, उजेड, वारा, स्वच्छता हवी. आणि ती खोली मुलं सांभाळण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात हवी. आईला मधे येऊन दूध पाजता यावं. बाकी तपशील राज्यांच्या नियमांत. तिथे खोलीची उंची लिहिलेली आहे, दर मुलामागे २० चौरस फूट जागा लिहिलेली आहे, मुलांना दूध द्यायचं हेही आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे तपासायला माणूस नेमलेला होता. फॅक्टरी इन्स्पेक्टर. तो न सांगता येऊ शकतो, खोली बघू शकतो, रजिस्टर मागू शकतो, खटला भरू शकतो.

प्रत्यक्षात काय झालं ते गिरणगावातल्या कुणालाही विचारा. बायकांची संख्या आकड्याच्या एक-दोन खाली ठेवायची, म्हणजे पाळणाघराचा प्रश्नच नाही, ही तक्रार युनियनवाले वर्षानुवर्षे करत आले. गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण तर तिसाव्या दशकापासूनच घसरत गेलं होतं. रात्रपाळीला बंदी, नवी यंत्रं, प्रसूती लाभाचा खर्च, अशी कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत. आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. जी पाळणाघरं होती तीही त्यांच्याबरोबर गेली. आज तिथे मॉल आहेत.

पुढचे कायदेही ह्याच साच्यातले. मळे, खाणी, विड्या, १९९६ चा बांधकाम मजुरांचा कायदा, अगदी रोजगार हमीचा २००५ चा कायदा. सगळीकडे पाळणाघर म्हणजे मालकाने किंवा काम देणाऱ्याने कामाच्या जागी करायची सोय. यातला बांधकामाचा भाग तर आधी कायद्याने नाही, माणसांनी उभा केला. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजूर बायकांची मुलं मातीत पडलेली बघितली आणि तंबूत पाळणाघर सुरू केलं. तीच मोबाइल क्रेशेस संस्था. पुढे मुंबईत, पुण्यातही तसं काम उभं राहिलं. यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी, इथे थांबते.

आता गंमत बघा. ज्या १९४८ साली आपण कलम ४८ लिहिलं, त्याच साली ब्रिटनने वेगळाच कायदा केला. पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं दिवसभर सांभाळणाऱ्यांचा. युद्धात सरकारने काढलेली पाळणाघरं कमी होत होती, बायका कामावर होत्या, आणि शेजारपाजारच्या बायका घरी मुलं सांभाळू लागल्या होत्या. सरकारने सांगितलं, खुशाल सांभाळा, पण स्थानिक संस्थेकडे नोंद करा आणि आमचा माणूस घर बघायला येईल. त्याने तिथे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. नोंद न करता मुलं सांभाळणं चालूच होतं, १९६८ मध्ये कायदा आणखी कडक करावा लागला. पण त्यांचा कायदा मूल जिथे आहे तिथे गेला. २००१ पासून इंग्लंडमध्ये हे काम शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडकडे आहे, आणि पाळणाघराच्या तपासणीचा अहवाल कुणीही आई-बाप घरबसल्या वाचू शकतात.

आपल्याकडे घरगुती पाळणाघर कुठून आलं? साठ-सत्तरच्या दशकात. दादर, ठाणे, डोंबिवली. बायका एलआयसीत, बँकेत, मंत्रालयात, टेलिफोन खात्यात लागल्या. सकाळची ७:४८ किंवा ८:१२ पकडायची तर मूल कुणाकडे? चाळीतल्या एखाद्या काकूंकडे. मी स्वतः अशा काकूंकडे वाढले. चार-पाच मुलं, दुपारी वरणभात, नंतर सक्तीची झोप. तिथे इन्स्पेक्टर नव्हता, पण सगळी दारं उघडी असायची, गॅलरीतून ये-जा करणाऱ्या वीस डोळ्यांना दिसायचं की काय चाललंय. कुणी मूल जरा जास्त रडलं की समोरची आजी येऊन विचारायची. चाळी गेल्या, फ्लॅट आले. काकूंची चार मुलं होती तिथे आता वन बीएचकेत पंचवीस. दार बंद, बाहेर सेफ्टी डोअर. शेजारच्यांना तक्रार फक्त आवाजाची.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरमधलं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. दहा महिन्यांची मुलगी, आणि मदतनीस बाईची मारहाण सीसीटीव्हीत. सगळ्या चॅनेलवर ते फुटेज दिवसभर चाललं (ते तसं चालवणं हाही एक वेगळा गुन्हाच, पण असो). तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, याला परवाना कुणी दिला? आणि उत्तर निघालं की पाळणाघराला परवाना देणारं खातंच नाही.

त्याच सुमारास बाल हक्क आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी नियमावली काढली. चांगली आहे. पण ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. खारघरची मुलगी दहा महिन्यांची होती. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. नव्या कामगार संहितांतही पन्नासचाच आकडा आहे. पुन्हा मालक, पुन्हा आकडा. २०१८ मध्ये केंद्राने या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं दिली. शक्यतो तळमजला, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, वगैरे. जागा दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट. वर गिरणीतल्या मुलासाठीचा आकडा लिहिलाय, तो परत बघा. आणि हीसुद्धा ‘मार्गदर्शक’ तत्त्वं. गल्लीतल्या पाळणाघराला ती पाळायला लावणारं कोण?

काहीजण कमेंटमध्ये लिहितील की बाल न्याय कायदा आहे ना. आहे. २०१५ च्या त्या कायद्याच्या कलम ७५ मध्ये ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा आहे, संस्था चालवणाऱ्यांना जास्त. पण ते मूल मार खाल्ल्यानंतरचं कलम आहे. त्याच कायद्यातली संस्थांची नोंदणी अनाथ, निराधार मुलांच्या निवासी संस्थांसाठी आहे, पाळणाघरासाठी नाही. आगीचंही तसंच. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी वर्षातून दोनदा द्यायचं असतं, पण तिथे विचार इमारतीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चालताही न येणारी बारा मुलं झोपलेली आहेत हे त्या फॉर्ममध्ये कुठे लिहायचं? तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये अग्निसुरक्षेचे आदेश दिले, ते शाळांसाठी. पाळणाघर शाळा नाही. कारखाना नाही. बालगृहही नाही. कायद्याच्या भाषेत ते एक दुकान आहे.

‘इन्स्पेक्टर आला की हप्ता आला’, हे मला एका पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनीच सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. बहुतेक पाळणाघरं एकट्या बाईच्या मेहनतीवर चालतात, फी वाढवली की पालक निघून जातात. उद्या मॉलला लावता तसे नियम त्यांना लावले तर त्या बंद करतील किंवा बोर्ड उतरवून गुपचूप चालवतील. म्हणून माझं मत असं, की नोंदणी फुकट आणि सोपी हवी, सहा मुलांच्या काकूंना वेगळे नियम आणि चाळीस मुलांच्या डे-केअरला वेगळे. तपासणीचा कागद मात्र दारावर लागला पाहिजे. काय तपासलं, कधी तपासलं, काय कमी निघालं. आईला वाचता येईल अशा मराठीत.

सध्या मी एवढंच केलंय की महापालिकेकडे माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकलेत. हद्दीत किती पाळणाघरं आहेत याची नोंद पालिकेकडे आहे का, गेल्या पाच वर्षांत कुठल्याही खात्याने त्यांपैकी किती तपासली, आणि तक्रार आली तर ती कुठल्या खात्याकडे जाते. ठाणे, कल्याण, पनवेल, पुणे, नाशिक, कुठलेही असाल तरी हाच अर्ज तुमच्या पालिकेकडे करता येईल, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, पाठवते. आमचं उत्तर आलं की इथेच टाकेन.