मूसीचा पूर आणि घराची हमी

28 सप्टेंबर 1908 च्या मूसीच्या महापुराला हैदराबादी उर्दूत ‘तुगयानी’ म्हणतात. पाण्याने मर्यादा ओलांडणे आणि बंडखोरी, असे दोन्ही अर्थ या शब्दात आहेत. मृतांची संख्या सुमारे 15,000 सांगितली जाते. अफझलगंजच्या दवाखान्यातील चिंचेच्या झाडावर दीडशे जण वाचले, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. पडलेल्या घरांचा भार कोणी उचलला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सामान्य रहिवाशाजवळ विमा नव्हता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी अन्नछत्रे उघडली. 1909 मध्ये विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पुढे उस्मान सागर (1920) व हिमायत सागर (1927) बांधून झाले. म्हणजे धोक्याची किंमत घरमालकाच्या हप्त्यातून नव्हे, तर राज्याच्या खजिन्यातून चुकती झाली. अर्थात ‘आराइश-ए-बल्दा’ मंडळाने (1912) दाट वस्त्या हटविल्या, तेव्हा गरिबांनीही ती मोजलीच.

अमेरिकेतील फ्लोरिडात उलट वाट दिसते. तेथे भार हप्त्यावर होता. 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर अनेक विमा कंपन्या बुडाल्या, हप्ते भडकले आणि 2002 मध्ये राज्यालाच ‘सिटिझन्स’ ही विमासंस्था उभारावी लागली.

ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्याकडे तलाव फुटून जुन्या शहराच्या वस्त्या बुडाल्या. सरकारने बाधित कुटुंबांना 10,000 रुपये जाहीर केले. एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर समाविष्ट आहे. पण तलावाच्या पोटात प्लॉट पाडून विकणाऱ्याकडून कोणताही हप्ता घेतला जात नाही.