हॉपी बिअरचं रेटिंग नेमकं काय मोजतं?

मागच्या मे महिन्यात मामेभाऊ कॅलिफोर्नियाहून आला, तेव्हा आयपीएचे पाच कॅन घेऊन आला. (विमानाने येताना दोन लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते. ३५५ मिलिलिटरचे पाचच कॅन त्यात बसतात.) एक कॅन मुंबईत त्याच दिवशी उघडला. संत्र्याची साल, पाईनचं लाकूड, मागे छान कडवटपणा. मी अ‍ॅपवर ५ पैकी ४.२५ दिले. उरलेले चार जळगावला आणले आणि आठ दिवस माळ्यावर विसरलो. धुळ्याचा मित्र आला तेव्हा एक थंड करून उघडला, तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. दिले २.७५.

बॅच तीच, जीभ तीच. मग रेटिंग दिलं कशाला?

आधी अमेरिकन हॉप्सबद्दल थोडं. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं. त्यातली अल्फा आम्लं उकळताना बदलतात आणि बिअरला कडूपणा येतो. वास येतो तो तेलांमुळे. १९७२ साली आलेल्या कॅस्केड जातीने अमेरिकन बिअरला ग्रेपफ्रूटसारखा वास दिला, आणि १९८० च्या सिएरा नेवाडा पेल एलने तो लोकप्रिय केला. आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं आणि क्राफ्ट बिअर हा शब्द हळूहळू ओळखीचा झाला.

कॅनवर दिसणारा आयबीयू हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. आयसोऑक्टेनने बिअरमधली कडू द्रव्यं वेगळी करायची, ती २७५ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतात ते मोजायचं आणि ५० ने गुणायचं. साधारण १ आयबीयू म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. पण जिभेला गोडवाही कळतो ना! कारल्याच्या भाजीत गूळ टाकला की कारलं तेवढंच असतं, कडू मात्र कमी लागतं. तसंच ५० आयबीयूची दाट स्टाउट ५० आयबीयूच्या हलक्या पेल एलपेक्षा मऊ वाटते. त्यामुळे आयबीयू बघून रेटिंगचा अंदाज बांधू नका.

आता अ‍ॅपची बाजू. दोनच लोकांनी ५ दिले म्हणून बिअर यादीत पहिली येऊ नये, यासाठी अशा याद्यांत बऱ्याचदा बेजियन सरासरी वापरतात. समजा सगळ्या बिअरची सरासरी ३.७ आहे. प्रत्येक बिअरला आधीच ३.७ ची दहा काल्पनिक मतं द्यायची. मग दोन जणांच्या ५ चे होतात ३.९२, आणि ५०० जणांच्या ४.२ चे ४.१९. हुशार युक्ती आहे. पण ती फक्त कमी मतांवरचा इलाज आहे. पाचशे जणांनी तापलेला माल पिऊन मत दिलं, तर सूत्र ती चूक पक्की करून टाकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुटच खराब.

आणि इनपुट खराब करण्यात खानदेशचा उन्हाळा पटाईत. ब्रुअर लोकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे, ३-३०-३००: साधारण ३२ अंशांवर ३ दिवसांत बिअर जितकी शिळी होते, तितकी व्हायला २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस लागतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. माळ्याचं तर विचारूच नका. पुठ्ठ्याची चव येते ऑक्सिडेशनमुळे, त्यात मुख्यतः ट्रान्स-२-नोनेनल नावाचं संयुग असतं. हॉपचा वास तर त्याआधीच उडतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं तर वेगळाच उग्र दर्प येतो. कॅनमध्ये तो धोका नाही.

म्हणून चव घेण्याआधी पॅकिंगची तारीख बघा. बर्फगार पिऊ नका, ७ ते १० अंश पुरे. नाहीतर वास दबतो. स्टीलच्या पेल्याऐवजी काचेचा ग्लास घ्या, आधी वास, मग घोट. शेवभाजी नंतर! तिखटावर कडू बिअर जास्तच झोंबते. सोबत साधे फुटाणे बरे. दोन-तीन बिअर असतील तर कमी हॉपवाली आधी.

माझे २.७५ मी खोडले नाहीत. शेऱ्यात फक्त वाढवलं: 'जळगाव, मे महिना, आठ दिवस माळ्यावर.'