मेक्सिकोच्या काळ्या पाण्यावरची शेती
१९०० साली अध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांनी मेक्सिको शहराचं पुराचं पाणी आणि सांडपाणी बाहेर नेणाऱ्या महाकालव्याचं उद्घाटन केलं. राजधानीची घाण उत्तरेच्या मेस्किताल खोऱ्यात पोचली आणि निवडुंगाच्या कोरड्या माळावर मका, लसूणघास डोलू लागला.

पाणी बारमाही, खत फुकट!

पाटांतून फेसाळ, काळं पाणी वाहत राहिलं. मातीत सेंद्रिय कर्ब वाढला, तसं वरच्या थरात शिसं आणि कॅडमियमही साठलं. जमिनीत मुरलेल्या पाण्यानं नवे झरे फुटले; पोरांच्या पोटात जंतही झाले.

२०१७च्या सुमारास आतोतोनिल्को इथं या सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, तर शेतकरीच कुरकुरले: स्वच्छ पाण्यात खत कुठलं? तक्रार अगदीच खुळी नव्हती. सेंद्रिय द्रव्य घटलं, तर मातीनं धरून ठेवलेले जड धातू सुटे होतील, अशी भीती संशोधकांनीही मांडली आहे.