चंदिपुरा विषाणू आणि पुंजसिद्धांत

1965 साली नागपुराकडे तापाची साथ आली असता पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रातील भट्ट व रॉड्रिग्ज यांनी दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू वेगळा केला. 1967 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि चंदिपुरा हे स्थलनाम त्या विषाणूस कायमचे चिकटले. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी भीती कोणास वाटली नाही. 2003 साली मात्र आंध्र प्रदेशात 329 मुले त्याच्या तावडीत सापडली व त्यांतील 183 दगावली. कित्येक तर अहोरात्र लोटण्यापूर्वीच. वाळूमाशी हे त्याचे वाहन, आणि तिला मातीच्या भिंतीची भेग व गोठ्यातील ओल मानवते. तेव्हा जानेफळकडील वाचकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

हा विषाणू पेशीत शिरतो कसा? आकाराने तो बंदुकीच्या गोळीसारखा असून त्याच्या अंगावर प्रथिनाचे काटे असतात. पेशी त्यास आपल्याच पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवीतील द्रव आंबट होत जातो, म्हणजेच त्यात प्रोटॉन वाढतात. ते काट्यास चिकटताच त्याची घडण पालटते, टोक पिशवीच्या पटलात रुतते, दोन्ही पटले एक होतात व विषाणूचा आनुवंशिक धागा आत उतरतो. यजमानानेच चोराला किल्ली द्यावी, तशातला हा प्रकार!

येथे पुंजसिद्धांताचे अभिमानी पुढे सरसावतात. 1943 साली श्रोडिंजर यांनी डब्लिनच्या व्याख्यानांत जीवनाचा विचार पदार्थविज्ञानाच्या अंगाने मांडला. 1963 साली स्वीडनच्या लोव्दिन यांनी सुचविले की, आनुवंशिक द्रव्यातील प्रोटॉन अडथळ्याचा डोंगर न चढता, जणू बोगद्यातूनच, पलीकडे निघत असावा. 2022 साली करोना विषाणू पेशीस भिडताना इलेक्ट्रॉनही तसाच जात असावा, अशी उपपत्ती दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी मांडली. ती गणितावर उभी आहे, प्रयोगावर नव्हे.

प्रोटॉन पुंजनियम पाळतो हे निर्विवाद. चुलीतला विस्तवही पाळतो. पेशीच्या उबदार, ओल्या गर्दीत त्यामुळे संसर्गाचा वेग बदलतो काय, हा खरा प्रश्न आहे. हायड्रोजनच्या जागी दुप्पट जड ड्युटेरियम घालून तो तपासता येईल, कारण बोगद्यातून जाणे जडपणाबरोबर झपाट्याने घटते. तथापि जड पाणी पेशीचे इतर व्यवहारही बिघडविते, म्हणून उत्तर सोपे नाही.

चंदिपुरावर आजही लस नाही की खास औषध नाही. काट्यावर प्रोटॉन नेमका कोठे बसतो हे पक्के कळले, तर ती जागा अडविणारे औषध शोधता येईल. मग तो तेथे डोंगर चढून आला की बोगद्यातून, याची चर्चा आम्ही सवडीने करू.