कारवानला ग्रेहाउंड लावण्याआधी...

कारवान हे दख्खनचं शिकारी आणि राखणीचं कुत्रं. अंगानं सडपातळ, उन्हात टिकणारं. आणखी वेग हवा म्हणून काही जण कारवान कुत्रीला ग्रेहाउंड नर लावतात. क्रॉस करणं हा गुन्हा नाही. पण पिल्लात दोघांचे चांगलेच गुण उतरतील याची हमी नसते. एकाच वेताची पिल्लं वेगवेगळी निघतात. चपळ दिसतं ते विकलं जातं. उरलेल्यांचं काय, हे सौद्यात कुणी बोलत नाही. सशाची शिकार तर वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. विक्रीसाठी पैदास करायची तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी लागते. कुत्री किमान दीड वर्षाची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. डोळे नुकतेच उघडलेलं तर नाहीच नाही.